पिवळ्या दगडांची चढण

लेक कॉलेजात गेली त्याच वर्षी तिच्या आईनेही विद्यापीठात भूगोलाला नाव घातलं, आणि वर्गाने पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं: काकू. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. आयुष्याची इतकी वर्षं शाळेत पोरं हाकल्यावर आता बाकाच्या या बाजूला बसायचं, याचीच त्यांना मौज वाटत होती.

अभ्यासदौऱ्यात त्यांच्या जोडीला शिट्टी होती. काडीसारखी पोरगी, पण आवाज असा की समोरच्या डोंगराने दचकून मागे व्हावं.

त्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना नदीच्या पात्रात उतरवलं. आभाळ स्वच्छ होतं, पाणी जेमतेम पोटरीपर्यंत. मागच्या वर्षीच्या वर्गाने पात्रातले काही दगड पिवळे रंगवून, त्यांवर काळे आकडे घालून एका रेषेत मांडले होते. रेषेच्या खुणेसाठी दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. आता त्या खुंट्यांना दोरी बांधायची, तिथून प्रवाहाबरोबर खाली चालत जायचं आणि पिवळा दगड दिसला की टेप लावायचा. वर्षभरात पाण्याने कुठल्या दगडाला किती लांब नेलं, ते अशाने समजतं.

"एक दगड मात्र जागेवरच सापडेल," मॅडम हसून म्हणाल्या. "तो आपला म्हातारा. तिघांनी मिळून लोटला तरी ढिम्म हलला नाही, म्हणून आहे तिथेच रंगवला. तो हलला असेल तर मी नोकरी सोडते."

दोरी बांधली. म्हाताऱ्याच्या जागी एक खळगा होता. त्यात पाणी साचलं होतं आणि इवले मासे फिरत होते.

मॅडम खळग्यापाशी थोडा वेळ वाकून उभ्या राहिल्या. "मोठा पूर येऊन गेला असणार," त्या म्हणाल्या. "खाली शोधा."

खाली शोधलं. पाय गारठले, बुटांत वाळू गेली, पण पिवळा ठिपका म्हणून दिसेना. काकू कंबर धरून सरळ होतात न होतात, तोच मागून, नदीच्या वरच्या अंगाने शिट्टीची आरोळी आली. सावलीत जरा टेकते म्हणून ती तिकडे गेली होती.

"काकूऽऽ! अहो, इकडे आहेत सगळे!"

दोरीच्या वरच्या बाजूला पाण्यात एक पिवळा दगड होता. त्याच्या पुढे दुसरा. मग तिसरा, काठाच्या वाळूत. तिथून दगड पात्र सोडून काठ चढले होते.

"कुणाचा तरी चावटपणा," मॅडम म्हणाल्या.

"असेलही," काकू म्हणाल्या. "पण मग म्हाताऱ्याला कुणी उचललं?"

मॅडम दगडांच्या मागाने काठ चढू लागल्या.

काठावर, नदीने कधीकाळी सोडून दिलेला एक सपाट टप्पा होता. दगड तिथे होते. पावसात आडोशाला माणसं उभी राहतात तसे एकमेकांना खेटून. म्हातारा सगळ्यांच्या पुढे. सगळ्यांचे काळे आकडे डोंगराकडे वळलेले, नदीकडे पाठ. रंगाला पोपडासुद्धा आला नव्हता.

काकू गुडघ्यांवर बसल्या. म्हाताऱ्यामागचं शेवाळ खरवडलं गेलं होतं आणि खालची माती ओली, काळी, ताजी होती. त्यांनी दगडावर तळवा टेकला. ऊन अजून टप्प्यावर आलं नव्हतं, तरी दगड कोमट होता. लांबून धावत आलेल्या जनावराची पाठ असते तसा.

"काकू," शिट्टी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "नदी का गप्प झाली?"

खरंच. सकाळपासून कानात भरलेली खळखळ थांबली होती.

एव्हाना नवल बघायला सगळा वर्ग वर आला होता. खाली फक्त दोघं मुलगे राहिले होते, तिवईवर बसवलेली मोजणीची दुर्बीण सांभाळत. त्यांच्या पायांजवळचं पाणी ओसरून गोटे उघडे पडले होते, आणि ते खाली वाकून कौतुकाने बघत होते.

काकूंना काही समजलं नव्हतं. पण तोंडातून शाळेतला आवाज निघाला.

"वर या! सामान टाका! आधी वर!"

"अहो काकू, दुर्बीण—"

"खड्ड्यात गेली दुर्बीण!"

शिट्टीने आरोळी ठोकली. मुलगे पळाले.

ते काठ चढले, आणि वळणावरून पाणी आलं.

तपकिरी. भिंतीसारखं उभं. त्यात अख्खी झाडं.

दोरी, खुंट्या, तिवई. काही उरलं नाही.

पाणी टप्प्याच्या कडेला धडकलं. तिथेच थांबलं.

मॅडमनी डोकी मोजली. परत मोजली. सगळी होती. मग त्या मटकन खाली बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. मुलगे एकमेकांच्या गळ्यात पडले. शिट्टी काकूंना अशी बिलगली की सोडता सोडेना, आणि काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला मनसोक्त शिव्या दिल्या.

चढ चढून मुक्कामाच्या विश्रामगृहावर पोचल्यावर चहा झाला. तसा गोड चहा काकूंनी जन्मात प्यायला नव्हता. मॅडम सगळ्यांना समजावत होत्या: वर कुठेतरी दरड पडून पाणी तुंबलं असेल, मग फुटलं असेल. दगडांविषयी कुणी विचारलं नाही. जीव वाचला होता, तेवढं पुरे होतं. काकूंनी लेकीला फोन लावला आणि नुसतंच "जेवलीस का?" विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

ओले मोजे वाळत घालायला त्या इमारतीमागे गेल्या. तिथून पुढे गवताचा उतार थेट डोंगरमाथ्याला भिडत होता.

छपरापेक्षाही उंचावर, गवतात, पिवळे ठिपके होते.

काकू मोजे हातात घेऊन तशाच परत आल्या.

"मॅडम, उद्या नको. आत्ता निघू या."

मॅडमनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. का, असं विचारलं नाही. "सामान भरा," एवढंच म्हणाल्या.

बस सुटली तशी पोरांना कंठ फुटला. गाणी सुरू झाली, कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, शिट्टी काकूंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली. काकूंचंही अंग सैल पडलं. सुटलो बाई एकदाचे.

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. ठिपके आता माथ्याजवळ पोचले होते.

पुढून ड्रायव्हरने आरशात बघत दिलासा दिला, "झोपा आता निवांत. इथून घरापर्यंत नुसता उतारच आहे."