मागच्या सीटचा दिवा

दुपारची गोष्ट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. रात्रीची असती तर तुम्ही म्हणाला असता, वय झालं, झोपेत काहीबाही दिसलं असेल. लख्ख उजेडात घडलं, आणि तेही गाड्यांच्या वायरिंगमध्ये उभा जन्म घालवलेल्या माणसासमोर.

जावई गाडी घेऊन आला तेव्हा वायरिंगवाले काका जेवणाचा डबा धुऊन नुकतेच बसले होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. रडू असं आलंच नव्हतं त्यांना. हात काम करत, तोंड जेवत असे, बाकी आत सगळं बधिर. दाढ काढण्याआधी सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं.

गाडीत पुढच्या आरशाच्या वर, छताला कन्सोल असतो. त्यात दिवे, फोनचा माईक, आणि मागच्या प्रत्येक सीटसाठी एक लाल दिवा. कोणी बसून बेल्ट लावला नाही की दिवा लागतो आणि टिंगटिंग सुरू होते. या गाडीत मागची डावी सीट रिकामी, तरी दिवा जळायचा. त्याच्या बाळाचा जरा डोळा लागला की हा वाजलाच! जावयाचं म्हणणं एवढंच, की तो आवाज कायमचा बंद करून टाका. चारला येतो म्हणून तो गेला.

आवाज मारायला काकांना पाच मिनिटं पुरली असती. एकदा मारलाच होता त्यांनी, स्वतःच्या गाडीतला. बायकोचे गुडघे धरायचे, ती मागे पाय लांब करून बसायची, बेल्ट नको म्हणायची. त्या टिंगटिंगीनं डोकं उठतं हो, अशी तिनं भुणभुण लावली, तेव्हा यांनी कन्सोल उतरवला, बोर्डावरच्या दोन पिना सोल्डरच्या एका ठिपक्यानं जोडून टाकल्या, आणि वर मिशीला पीळ दिला. तीन दिवसांनी पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला. यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती गेली.

मुलीनं एकदाच विचारलं होतं, बेल्टचा आवाज कसा नाही आला? बिघडला होता, म्हणाले. एकुलती एक मुलगी. खरं कळलं तर तीही तुटेल, मग आपलं म्हणायला कोणी उरणार नाही, हे ते पक्कं जाणून होते.

काका जुन्या रीतीचे. आधी बॅटरीची तार काढली, दहा मिनिटं थांबले, मग कन्सोल उतरवला. दिवा जळत होता. सीटखालचं सॉकेट सोडवलं. दिवा जळतच होता. शेवटी बोर्ड पार सुटा करून हातात घेतला. कुठे एक तार जोडलेली नाही, आणि तळहातावर तो लाल ठिपका तसाच.

घाबरायला हवं होतं. काका नुसते बघत बसले. गाडीत गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास येत होता. मागच्या सीटचा स्पंज करकरला, कोणी पाय हळूच वर घ्यावा तसा. मागे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

"बिघडला नव्हता," ते बोर्डाकडे बघत म्हणाले. "मीच बंद केला होता... लाव गं बेल्ट."

खट्.

दिवा विझला. वळून पाहिलं तर रिकाम्या सीटवर बेल्ट लागलेला. सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे होता, पोटावरून गेल्यासारखा ताणलेला.

काकांनी आवाज मारला नाही. सगळं होतं तसं जोडलं. जावई आला तोवर बेल्ट आपल्या जागी गेला होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. गाडीतूनच, त्याच कन्सोलच्या माईकवरून, म्हणून आवाज पोकळ येत होता. ती एकटी चालवत होती, बाळ मागे उजवीकडे, गाडीच्या बेल्टनं बांधलेल्या आपल्या खुर्चीत. दिवा गेला म्हणाली, पण गाडीला आईच्या मलमाचा वास का येतोय, ते कळेना. मग तिनं विचारलं.

"बाबा, तेव्हा तो आवाज बिघडलाच होता ना?"

रिकाम्या गाडीला सांगणं सोपं होतं.

"हो," काका म्हणाले. "बिघडला होता."

फोनमध्ये खट् झालं. मग टिंग... टिंग... टिंग...

"हा उजवा दिवा आहे," मुलगी म्हणाली. "बाबा... बाळाच्या बाजूचा."

वर्षभरात पहिल्यांदा काकांच्या छातीत धस्स झालं. गाडी आधी बाजूला घे, म्हणाले. तिनं घेतली. टिंगटिंग थांबेना. मग त्यांनी सांगितलं. दोन पिना, सोल्डरचा ठिपका, मिशीला दिलेला पीळ, सगळं सांगितलं.

खट्.

आवाज थांबला. पलीकडे बाळ खिदळत होतं, कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखं.

"बेल्ट लागला," मुलगी शेवटी म्हणाली, अगदी हळू. "बाबा... मी अजून पुढेच बसलेय. जागची हललेसुद्धा नाही."