शेवटच्या पानावरचा शिक्का

तळघरातल्या रेकॉर्ड विभागात बसणाऱ्या बाईला सगळं हॉस्पिटल रेकॉर्डताई म्हणायचं. पेशंट गेला की त्याची फाइल संगणकावर उघडायची, प्रत्येक पानावर ‘मृत’ असा तिरका जांभळा शिक्का उमटवायचा आणि फाइल कायमची बंद करायची, हे तिचं काम. शिक्का एका पानावर ठेवून ‘सर्व पाने’ दाबलं, की शेकडो पानांचा एका दमात निकाल लागायचा. इतक्या वर्षांत तिला त्याचं ना सुख ना दुःख. मेलेल्या माणसांनी तिला कधी त्रास दिला नव्हता. त्रास द्यायचे ते जिवंत डॉक्टर, आपल्या अक्षरानं.

त्या दुपारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वरच्या वॉर्डात तिची आई होती आणि तिला आज घरी सोडणार होते. वडील ती लहान असतानाच गेलेले, भाऊ-बहीण कोणी नाही. दोघीच काय त्या एकमेकींना. सकाळीच आईनं फोनवर बजावलं होतं, “अगं, वेळेवर ये हं. नाहीतर मला विसरशील आणि बसशील तुझ्या त्या मढ्यांच्या फायली चाळत.”

घरी सोडायचे कागद तयार झाले का, हे बघायला तिनं आईची फाइल उघडली. सकाळी वारलेल्या एका म्हाताऱ्याची फाइल शेजारीच उघडी होती. लक्ष अर्धं घड्याळाकडे. सवयीनं हातानं शिक्का उचलला, ठेवला, ‘सर्व पाने’ दाबलं. पानं भराभर सरकली आणि थांबली. वर नाव आईचं होतं.

आधी तिला हसूच आलं. आईला सांगितलं तर ती पोट धरधरून हसेल, असंही वाटून गेलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर होती.

“रेकॉर्डताई... जरा वर येता का? आजी आत्ता माझ्याशी बोलत होत्या. बोलता बोलता गप्पच झाल्या... नाडी लागत नाहीये.”

सिस्टरच्या मागे पळापळ ऐकू येत होती. वर धावायला म्हणून ती उठली आणि तिची नजर पडद्यावर गेली. काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा खाली बसली. फोन तसाच कान आणि खांद्यात धरून ती शिक्के पुसू लागली. उमटवताना सगळी पानं एकदम व्हायची, पण पुसायचं एकेक करूनच. मेलेलं माणूस परत येत नसल्यामुळे तशी सोय कोणी केलीच नव्हती.

कालचं पान. परवाचं. खोलीत नेहमीचा कोंदट वास होता, पण आता त्यात ओल्या शाईचा वास मिसळला. संगणकावरच्या शिक्क्याला शाई कुठली? तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

“लागली...” सिस्टर पुटपुटली. “अगदी बारीक... पण लागली.”

मोतीबिंदूची पानं झाली. मोडलेल्या मनगटाची झाली. स्कॅन केलेली पानं जुनी, पिवळट होत गेली.

“डोळे उघडले हो!”

एकच पान उरलं. आईचं बाळंतपण याच हॉस्पिटलात झालं होतं, त्या दिवसाचं. कुणा नर्सनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलगी झाली.’ ती मुलगी म्हणजे ही स्वतः. त्या पानावरचा शिक्का काही केल्या जाईना. पुसला की जायचा आणि पुन्हा उमटायचा, आधीपेक्षा गडद.

“चहा मिळेल का गं मला?” फोनमधून आईचा आवाज आला.

तिच्या जिवात जीव आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढ्या जुन्या पानावाचून कोणाचं काय अडतंय, राहिला शिक्का तर राहू दे, असं म्हणत तिनं फाइल मिटली आणि धापा टाकत जिना चढून वर गेली.

आई पलंगावर बसून चहा पीत होती. तिनं आईचा हात हातात घेतला. आईनं तो हळूच सोडवून घेतला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

“आई, चल. घरी जायचंय ना?”

“तुम्ही चुकून दुसऱ्या खोलीत आलात वाटतं,” आई समजुतीच्या स्वरात म्हणाली. “मला नाही हो मुलगी. एक झाली होती... इथंच. पण ती रडलीच नाही.”

सिस्टर हसली. “असं काय करता आजी? या तर आपल्या...”

पुढचा शब्द तिला सापडेना. रेकॉर्डताईच्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. हळूहळू तिचं हसू मावळलं.

“बाई,” तिनं अदबीनं विचारलं, “तुम्ही कोणत्या पेशंटकडे आला आहात?”