कडेचं बटण

विसरवाडीच्या फाट्यावर ढग इतके खाली उतरले होते की ट्रकवाल्यांनी भर सकाळी दिवे लावले होते. नवापूरहून आलेली एसटी थांबली आणि पायरी उतरताना रंजिताची ओढणी कुणाच्या तरी हाताच्या पट्टीत अडकली.

वळून बघते तो एक उंच तरुण. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि उजव्या मनगटाला आधाराची पट्टी... तीही उलटी बांधलेली!

"थांबा, ओढू नका," तो म्हणाला. "फाटेल."

"ओढणी फाटली तर दुसरी मिळेल. पट्टी अशीच बांधत राहिलात तर हात दुसरा मिळणार नाही."

"डॉक्टर आहात का?"

"नाही. पण उलटं-सुलटं कळतं मला."

त्याने डाव्या हाताने अलगद ओढणी सोडवली, तिच्या हातात दिली आणि निघून गेला. इतका सुंदर चेहरा आणि इतका विझलेला... रंजिता बघतच राहिली.

अर्ध्या तासाने फाट्यावरच्याच हाडांच्या दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत, फिजिओथेरपिस्ट रंजिताने पांढरा कोट चढवला आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं. दारात तोच!

"अरे देवा," तो पुटपुटला.

"देव बाहेर. आत मी," ती म्हणाली. "या, बसा."

त्याचं नाव हेमकांत. तापीकाठच्या गावचा. वडील चुनीलाल महाराज म्हणजे पंचक्रोशीत गाजलेले कीर्तनकार, आणि लहानपणापासून त्यांच्या मृदंगाला हाच. बापाने शब्द उचलावा आणि लेकाने तो थापेवर झेलावा. भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं म्हणे. मग पावसाळ्यात, कीर्तनाहून परतताना, मोटारसायकल ट्रकखाली सरकली. हाड जुळलं. नस मात्र चेचली गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही निजल्यासारखी पडून होती.

चुनीलाल महाराज रोज लेकासोबत यायचे, बाहेरच्या बाकावर जप करत बसायचे. अपघातापासून त्यांनी कीर्तन केलं नव्हतं. दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आला होता, गावकरी विनवून थकले होते. त्यांचं एकच उत्तर, "मन्हा पोऱ्याना हात बरा व्हई, तवय मी उभा ऱ्हासू."

"म्हणजे बापूंचा गळा माझ्या दोन बोटांत अडकलाय," हेमकांत एकदा म्हणाला.

रबराचा गोळा दाबायला दिला तर तो खिडकीबाहेर बघत बसायचा. रंजिताने खूप उपाय केले. शेवटी तिला दिनेशदादाची डबी आठवली. तिचा भाऊ सुरतेला नोकरीला, त्याने आणलेली. पूर्वी शहरातली पोरं नाणं टाकून जे अंतराळातल्या लढाईचे खेळ खेळायची, ते सगळे जुने खेळ आता एका डबीत भरून मिळतात. टीव्हीला जोडायचं आणि सुरू. सोबत एक दांडी, चार बटणं. डबी बनवणाऱ्यांनी तिच्यात एक सोयही केलेली, कोणत्या बटणाने काय व्हायचं ते आपलं आपण ठरवायचं. रंजिताने गोळी झाडायचं काम मुद्दाम कडेच्या बटणावर ठेवलं. करंगळीखाली.

"हे काय? मी लहान आहे का?" हेमकांत वैतागला.

"खेळा तर. नाहीतर गोळा देते."

काळ्या पडद्यावर खेकड्यांसारखी पांढरी जनावरं रांगेने उतरू लागली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग एक पायरी खाली. आणि त्यांच्या पावलांबरोबर आवाज... धम्... धम्... धम्... धम्...

हेमकांतने मान वर केली. "हा ठेका आहे."

"कुठला ठेका? रॉकेट पळवा, मराल!"

"ऐका ना... जवळ येतात तशी लय वाढते. आधी विलंबित... आता दुप्पट... गजराला आपण चढवतो ना, तशी!" त्याचे डोळे पहिल्यांदाच चमकले. जनावरांनी त्याचं रॉकेट चिरडलं, तरी तो ऐकतच होता.

"मेलात."

"असू दे. छान मेलो."

त्या दिवसापासून तो वेळेआधी यायला लागला.

त्या जुन्या खेळांत दोघांना एकदम खेळता येत नसे. दांडी एकच, पाळी आळीपाळीने. एक मेला की दुसऱ्याने बसायचं.

"मरा लवकर," रंजिता मागून म्हणायची. "माझी पाळी येऊ द्या."

"पेशंटला असं म्हणतात का मॅडम?"

"पेशंट असा खेळला तर म्हणतात!"

तो सरकायचा, ती बसायची. दांडी त्याच्या हाताने ऊबदार झालेली असायची... आणि तिला उगाच खेळाकडे लक्ष देणं अवघड जायचं. तो शेजारी बसून मांडीवर डाव्या हाताने ठेका धरायचा. बाहेर अवकाळीचे थेंब पत्र्यावर वाजायचे.

पण करंगळी हलत नव्हती. ती रोज बघायची. जनावरं खाली येत, तो ओठ दाबून जोर लावी, घाम फुटे... आणि कडेचं बटण तसंच राही. रंजिता घाईने म्हणायची, "उद्या जमेल." हेमकांत पडद्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

आणि एके दिवशी जमलं.

ती दुसऱ्या पेशंटला सोडून आत आली, तर पडद्यावर गोळ्यांची नुसती झड लागलेली! एक रांग गेली, दुसरी गेली... पडदा अख्खा मोकळा झाला.

"हेमकांत! बोटं... अहो, चालली की!"

तो काहीतरी सांगू बघत होता. पण ती थांबली कुठे? ती बाहेर धावली.

"बापू! बोटं चालायला लागली!"

चुनीलाल महाराजांच्या हातातली माळ थांबली. "खरं सांगी ऱ्हायनी का बेटा?" त्यांनी टोपी काढली, डोळ्यांना लावली. मग फोन काढून गावाकडे लावला, "काल्यानं कीर्तन मीच करसू. हा... मृदंगवर मन्हा पोऱ्या."

रंजिता हसत, डोळे पुसत आत आली. "सरका. आज मी पण जिंकणार." ती बसली. दांडी धरली. करंगळीने कडेचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. जनावरं शांतपणे एक पायरी खाली आली. धम्... धम्... तिने पहिल्या बोटाखालचं बटण दाबलं. गोळी सुटली.

ती हळूच वळली. "बटण बदललंत तुम्ही."

हेमकांतची मान खाली गेली. "हो."

"का?"

"रोज ते बटण दाबलं जात नाही, आणि रोज तुमचा चेहरा उतरतो... एक दिवस तो उतरू नये असं वाटलं. मी लगेच सांगणार होतो. तुम्ही इतक्या जोरात पळालात..."

"बाहेर बापूंनी फोन केला, हेमकांत! काल्याचं कीर्तन घेतलं त्यांनी!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. पडद्यावर जनावरं तळाला पोहोचली आणि खेळ संपला.

निजलेली बोटं डाव्या हातात धरून तो म्हणाला, "खरं सांगा. येतील का ही बोटं?"

तिला खोटं बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. "डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातच तपासलं," ती म्हणाली. "नस मेली आहे. मीच... आज सांगेन, उद्या सांगेन करत होते. मघाशी वाटलं, डॉक्टरच चुकले."

"मला वाटतच होतं." तो कसनुसा हसला. "एवढा चेहरा कुणी बोटासाठी उतरवत नाही, रंजिता."

पहिल्यांदा त्याने नाव घेतलं. तेही अशा वेळी. तिने तोंडावर ओढणी दाबली.

बाकावर जाऊन हेमकांतने बापूंना सगळं सांगितलं. महाराजांनी रस्त्यावरच्या ट्रककडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मंग कीर्तन नही."

"बापू, भिला बसेल मृदंगावर. मीच शिकवलाय त्याला."

"भिलाना हात चांगला शे. पन मन्हा गळाले तुन्हा हातनी सवय शे, भाऊ."

"मन्हा हातले पन तुमना गळानी सवय शे, बापू!" हेमकांतचा आवाज फुटला. "हात गया ते गया. गळा पन गया तर मी काय आयकू? मी मागं वीणा धरीसन उभा ऱ्हासू. तुम्ही फक्त बोला."

लेकाचा तो हात उचलून महाराजांनी आपल्या मांडीवर ठेवला, आणि तसेच बसून राहिले.

काल्याच्या सकाळीही आभाळ उघडलं नव्हतं. रंजिता बायकांच्या बाजूला, खांबाशी बसली. महाराज उभे राहिले. भिलाने पहिली थाप दिली. चुकीची नव्हती... फक्त ती वेगळी होती, आणि महाराजांचा शब्द घशातच राहिला. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. महाराजांनी सवयीने मृदंगाकडे बघितलं. तिथे भिला. मग मागे वळले. तिथे हेमकांत, खांद्याला वीणा, गालांवर पाणी, आणि तोंडाने विठ्ठल विठ्ठल.

महाराजांनी शब्द उचलला. आवाज कापत होता, तरी उचलला. पुढे रंगलं, देवाच्या कृपेने रंगलंच. पण जाणत्यांना कळलं, आज त्या आवाजात काहीतरी कायमचं कमी झालंय.

हंडी फुटली. लोक काल्याच्या प्रसादाकडे झेपावले. आरती होईपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते, फार तर दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची, म्हणून हेमकांत एकटाच मंडपात उभा राहिला. रंजिता प्रसाद घेऊन आली. साऱ्या गावादेखत, बायका बघत असताना, सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली. त्याच्या उजव्या तळव्यावर तिने काला ठेवला. दोन बोटं उघडीच राहिली, काला सांडू लागला. तिने ती आपल्या हाताने मिटली, आणि मूठ धरली.

"लोक बघताहेत," तो कुजबुजला.

"बघू देत. सोडलं तर सांडेल."

"किती वेळ धरणार?"

"वीणा कुणी घेईपर्यंत."

"आणि... कुणी घेतलीच नाही तर?"

रंजिताने मूठ सोडली नाही.