शेजारचा मणका

"जरा सरकता का?" डावीकडे बसलेल्या माणसाचा आवाज आला आणि तिने अख्खं अंग वळवलं. त्यानेही नेमकं तेव्हाच वळवलं. गुडघ्यावर गुडघा असा काही आपटला की दोघांच्या तोंडून एकदमच "आई गं!" निघालं.

दवाखान्याच्या त्या बाकावर दुसरं काय होणार म्हणा! दोघांच्याही मानेत धातूची पट्टी आणि स्क्रू, मणके एकमेकांना कायमचे जोडलेले. कुणी हाक मारली की वळायचं ते कमरेपासून.

"तुमचं कधी झालं?" गाडी कधी घेतली विचारावं तसं त्याने विचारलं.

"झाली दहा-अकरा वर्षं. उथळ पाण्यात सूर मारला होता. अक्कल गहाण! तुमचं?"

"गेल्या वर्षी. छत रंगवताना शिडीवरून पडलो. म्हणजे तुम्ही आमच्या सीनियर की हो!"

झालं. ती 'सीनियर' आणि तो 'रंगारी'. व्यायामाच्या खोलीतून सुटले की दोघं कोपऱ्यावरच्या टपरीत चहाला बसायचे. बाहेर आभाळ सदा भरलेलं, कपडे सदा दमट. तो नेहमी समोरची खुर्ची ओढायचा.

"शेजारी बसलं की तुम्ही दिसत नाही, नुसता आवाज येतो."

"आवाज वाईट आहे का माझा?"

"नाही हो... पण डोळ्यांनी काय पाप केलंय?"

ती लाजली. मान खाली घालायची सोय नव्हती, म्हणून नुसत्या पापण्या खाली घातल्या. आणि तो बघतच राहिला, मेला!

एके दिवशी मात्र त्याने कप बाजूला ठेवला. "सीनियर, खरं सांगा... पुढे काय होतं? दहा वर्षांनी?"

ती शिवणकाम करायची, आणि हल्ली तिच्या हातून सुई गळत होती. पण त्याचा तो आशेने भरलेला चेहरा बघून जीभच रेटेना.

"काही होत नाही. माझ्याकडे बघा की. ठणठणीत!"

त्यानंतर तो शीळ घालत यायला लागला. अहो-जाहो गळून पडलं. आणि एका ओल्या संध्याकाळी तो फुलून आला.

"मोठ्या सभागृहाचं काम घेतलंय! सगळं छत! तुझ्याकडे बघूनच हो म्हणालो. आता तू पण मला हो म्हणालीस तर..."

याच शब्दांसाठी तिने किती दिवस जीव टांगून ठेवला होता! आणि आले ते असे, शिडी बरोबर घेऊन.

"चढू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"मी खोटं बोलले. जोडलेले मणके बसतात स्वस्थ, आणि शेजारचे राबराब राबतात. घरात एक भाऊ बसून खातो ना, तसं. माझा वरचा मणका झिजलाय. नस दाबली जातेय. अंगठ्याला सुई टोचली तरी कळत नाही मला. दुसरं ऑपरेशन सांगितलंय. सगळ्यांचं असं होत नाही. कित्येकांची मान जन्मभर चांगली राहते. माझी नाही राहिली. आणि तू दिवसदिवस मान मागे टाकून..."

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"तू पुन्हा आला नसतास म्हणून."

तो उठला. चहा तसाच टाकून गेला. त्याचा राग खरा होता आणि तिला तो कबूलही होता. पण त्या रात्री ती उशी चावून रडली, कारण प्रेम होतं आणि ते तिने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर ती एकटीच बसली होती. समोरची खुर्ची करकरली. रंगारी! केस ओले, डोळे तारवटलेले.

"काम सोडलं," तो म्हणाला.

"रागावलायस?"

"खूप."

"मग कशाला आलास?"

"भीती वाटते गं. तुझ्यासाठीही आणि माझ्यासाठीही. आणि घरी एकट्याला जास्त वाटते."

ऑपरेशननंतरही हात बरा होईल याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती. मान तर अजून कमी वळणार होती, हे पक्कं होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"चला, आत या. सोबत कोण आहे? नात्यातलंच माणूस हवं हं!"

तो उभा राहिला. कान लाल झालेले. "होणारं नातं... चालेल का?"

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरला.