फाटकापलीकडची बाई

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे उभी होते.

गेल्या वर्षी मळणी उरकली, त्या आठवड्यातला मंगळवार. दिवस कलला होता. जागा... गावाबाहेरचं रेल्वेचं जुनं फाटक.

फाटक म्हणजे आता नुसती केबिन. रूळ उखडून नेले, त्याला बारा वर्षं झाली.

मी शाळेत इतिहास शिकवते. शाळेला गावच्या रेल्वेवर पुस्तिका काढायची होती. रेल्वे आली, धान्य शहरात जाऊ लागलं, गावाचं सोनं झालं, वगैरे. माझा मामा या फाटकावर तीस वर्षं गेटमन होता, म्हणून त्याला घेऊन गेले.

"सोनं झालं म्हणे," मामा हसला. "लिही. कागदाला कुठे लाज असते?"

मग त्याने कधीच कोणाला न सांगितलेलं सांगितलं.

सुगीचे दिवस होते. आमचंच धान्य न्यायला रिकामी मालगाडी यायची होती. मामाने फाटक लावलं. गाडी येईना. पलीकडे बैलगाडीत एक बाई बाळंतपणात अडलेली. नवरा मामाच्या हातापाया पडत होता.

"दोन तास, पोरी. रूळ मोकळे. चावी माझ्या खिशात. पण गाडी गेल्याशिवाय उघडायचं नाही, असा नियम. नोकरी जाईल म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो."

"आणि ती?"

"गाडी आली, तेव्हा कण्हणं थांबलं होतं."

माझं पेन थांबलं.

तेवढ्यात जाणवलं... पाखरांचा आवाज बंद झाला होता.

मग...

कण्हणं.

पूर्वी रूळ होते, त्याच्या पलीकडून. तिथे कोणीच नव्हतं.

मामा उठला. जिथे पूर्वी फाटक उघडायचं चाक होतं, तिथे गेला. दोन्ही हातांनी हवेतच चाक फिरवू लागला. दातओठ खात. घामाने निथळत.

"मामा, घरी चल." मी त्याचा हात धरायला गेले...

माझ्या बोटांना गार लोखंड लागलं.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण ते फिरत होतं. हळूहळू. करकरत.

कण्हणं थांबलं.

आणि अगदी माझ्या कानाशी... एक थकलेला आवाज.

"आता कशाला?"

हातातलं लोखंड नाहीसं झालं.

मामा धापा टाकत खाली बसला. त्याचे तळहात सोलवटले होते. त्याला तो आवाज ऐकू गेला नव्हता.

"उघडलं गं," तो म्हणाला. इतका हलका झालेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. "काही म्हणाली का ती?"

"नाही, मामा."

पुस्तिका छापून आली. त्या बाईवर मी एक पान लिहिलं होतं, ते मुख्याध्यापकांनी आधीच काढून टाकलं होतं. म्हणाले, "शुभ कामात हे नको."

मामा आता रोज संध्याकाळी तिकडे जाऊन बसतो. कधीतरी ती बोलेल, म्हणतो.

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.