रेषेच्या अलीकडे

बाटली द्यायची होती निळ्या जर्सीला. सुरुचीने दिली हिरव्या जर्सीला!

परळच्या सुरुचीचा सायकल शर्यतीच्या टीममधला तो पहिलाच दिवस. काम एवढंच — रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि आपल्या स्वारांच्या हातात पाणी द्यायचं. पण घोळका असा सुसाट आला, की बाई गडबडली आणि जो हात पुढे आला त्यात बाटली ठेवून मोकळी झाली. हिरव्या जर्सीतला तो पठ्ठ्या जाता जाता चक्क हसला.

"अगं, समोरच्या टीमला पाणी पाजतेस?" मॅनेजर शामरावांनी कपाळावर हात मारला. "आपला निलेश कोरडाच गेला ना!"

संध्याकाळी तोच पठ्ठ्या निळ्या तंबूपाशी हजर. हातात बाटली, स्वच्छ धुतलेली.

"फेलिक्स. माझगावचा," तो म्हणाला. "तुझ्या पाण्यावर आज तिसरा आलो."

"माझ्या नाही, निलेशच्या पाण्यावर."

"उद्या पण चूक कर ना..."

"नोकरी घालवशील माझी!"

तो हसला, मग जरा गंभीर झाला. "आम्ही स्प्रिंटर सपाट रस्त्याचे राजे गं. परवा खंडाळ्याचा घाट लागला की मी शेवटून पहिला. जिंकायचं ते उद्याच्याच टप्प्यात, लालबागला. जिंकलो, तर तुला एक विचारणार."

"आणि हरलास तर?"

"तर... गपचूप घाट चढणार."

असल्या अटी घालणाऱ्याचा खरं तर राग यायला हवा. सुरुचीने मात्र घरी जाऊन चहात मीठ घातलं.

"गो, लक्ष खंय आसा तुजां?" आई ओरडली.

दुसऱ्या दिवशी लालबागला ती शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे उभी होती. हातात निलेशसाठी टॉवेल, आणि देव पाण्यात घातलेले दुसऱ्याच टीमसाठी! फितुरी म्हणतात ती हीच.

शेवटचं वळण... आणि हिरवी जर्सी पुढे! फेलिक्स हँडलवर वाकून जीव तोडून येत होता. निलेश मागे, खाली मान घालून. फेलिक्सने वर पाहिलं. समोर सुरुची. तो हसला आणि त्याने जिंकल्याच्या ऐटीत दोन्ही हात सोडून आभाळाकडे केले.

"अरे, रेषा अजून पुढे आहे!" सुरुची किंचाळली.

निलेशने सायकल पुढे झोकली. चाकाच्या रुंदीएवढ्या फरकाने निलेश जिंकला.

शामराव नाचायला लागले. सुरुचीला रडूच आलं. ती सरळ फुटपाथवर बसलेल्या फेलिक्सकडे गेली आणि तिने निलेशचा टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला.

"रेषा दिसली नाही तुला?"

"तू दिसलीस..." टॉवेलखालून आवाज आला. "जाऊ दे. हरलो. अट ती अट."

"अट तुझी. मी कुठे मानली होती?" ती शेजारी टेकली. "तू विचारायचं नाहीस ना? मग मी विचारते. मला तू आवडतोस, फेलिक्स. उद्या घाटमाथ्यावर तू शेवटून पहिला आलास तरी मी उभी असेन. पहिली बाटली निलेशला, दुसरी तुला. मग... मी आवडते का तुला?"

"सुरुची! टॉवेल कुठाय गं?" शामरावांनी हाक मारली. ती जागची हलली नाही.

फेलिक्सने टॉवेल बाजूला केला. तिच्याकडे बघतच राहिला आणि त्याचे दोन्ही हात पुन्हा वर जायला लागले. सुरुचीने ते मधेच धरले.

"आधी उत्तर दे. मग हात वर कर."

"हो," फेलिक्स म्हणाला. "हो, हो, हो!"

मग तिने त्याचे हात सोडले.