शून्याआधीचा प्रश्न

थोरलीच्या आधी धाकट्या भावाचं लग्न लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. भाऊ बायकोला घेऊन परगावी गेला. घरी उरली थोरली, आणि छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले बाबा.

थोरली एका कंपनीत सी भाषेतली सिस्टिम लायब्ररी, म्हणजे इतरांचे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, सांभाळायची. एका दुपारी वरच्या मजल्यावरचा, फाइलींच्या जादा प्रती राखणारा बॅकअपवाला तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, तुमची लायब्ररी धडधडीत खोटं बोलते!"

"बसा आधी. आरोप बसूनही करता येतात."

तो बसला. मेमरी संपली म्हणून सिस्टिमने त्याचा प्रोग्रॅम मधेच मारला होता, आणि लायब्ररीने मात्र शून्य कळवलं होतं — म्हणजे सगळं सुरळीत. तिने एक छोटा प्रोग्रॅम चालू केला आणि मुद्दाम मधेच मारला. पुन्हा शून्य! तिचे कान लाल झाले.

"चूक माझीच," ती म्हणाली. "स्वतःहून संपला की मारला गेला, हे आधी विचारायचं असतं. स्वतःहून संपला असेल तरच आकड्याला अर्थ. मी थेट आकडाच वाचला."

"होतं असं…" तो हळूच म्हणाला. साहेबांच्या कानावर त्याने काही घातलं नाही.

दुरुस्ती संध्याकाळपर्यंत झाली. तरी तो रोज जिना उतरून यायचाच.

"आज काय बिघडलं?"

"काहीच नाही… म्हणून तर काळजी वाटते."

ती हसू दाबायची, आणि तो गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायची.

एका शुक्रवारी त्याने लग्नाचं विचारलं. ती पटकन "नाही" म्हणाली. तो उठला, दारापर्यंत गेला… आणि परत आला.

"हे 'नाही' तुमचं स्वतःचं, की कशाने तरी म्हणायला लावलं?"

तिचे डोळे भरून आले. "बाबांना टाकून मी कुठे जाऊ?"

"टाका म्हटलं कुणी? मीच येतो राहायला. मी आणि माझी एक ट्रंक — जागा ती किती लागणार?"

तो घरी आला तेव्हा बाबांनी त्याला उशाशी बसवून घेतलं. धाप आवरत म्हणाले, "ही म्हणे लायब्ररी सांभाळते… घरात पुस्तक एक नाही. चालेल का रे तुला?"

"चालेल, बाबा."

बाबांनी तिचा हात त्याच्या हातात दिला, आणि वर आपला हात ठेवून कितीतरी वेळ तसेच पडून राहिले.

लग्न पुढच्या वर्षी फेब्रुवारीत झालं, बाबांच्या खोलीतच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी बाबा वारले. तेव्हा दोघंही जवळ होती.